तिकीट कोण देतो?

अमेरिकेत सिनेटरची खुर्ची सहा वर्षांची. पण सहा वर्षं संपत आली की त्याला घाम फुटतो, आणि तो विरोधी पक्षामुळं नाही. त्याच्याच पक्षातला कुणीतरी उठतो नि म्हणतो, बाजूला हो, आता मी. मग त्या पक्षाचे साधे मतदार रांगेत उभे राहून ठरवतात, ह्याला ठेवायचं की त्याला घ्यायचं. रिचर्ड लुगर नावाचा इंडियानाचा सिनेटर छत्तीस वर्षं खुर्चीत होता. 2012 ला स्वतःच्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीतच आपटला. ज्यानं त्याला पाडला तोही पुढं खऱ्या निवडणुकीत पडला, म्हणजे हा काय रामबाण उपाय नव्हे. अलास्काची लिसा मुर्कोव्स्की 2010 ला अशीच पक्षात हरली, पण लोकांनी मतपत्रिकेवर तिचं नाव हातानं लिहून तिला परत निवडून आणलं. तिथंही पैशावाल्यांचाच खेळ आहे, हे मला कळतं. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. खुर्चीत बसलेल्याला खालून धक्का देण्याचा रस्ता तिथं कायद्यात आहे.

आणि आमच्या रत्नागिरीत?

2024 ची लोकसभा आठवा. महायुतीचं तिकीट किरण सामंतांना की नारायण राणेंना, यावर आठवडेच्या आठवडे काथ्याकूट. अर्ज भरायची शेवटची तारीख 19 एप्रिल, आणि राणेंचं नाव जाहीर झालं 18 ला. सामंतांनी माघार घेतली. नोव्हेंबरात तेच राजापूरचे आमदार झाले. चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत सहा विधानसभा मतदारसंघ, लाखो मतदार, पण यातल्या एकाला तरी कुणी विचारलं का, बाबा तुला कोण पाहिजे? सगळं वर ठरलं. इथल्या माणसाला फक्त बटण दाबायचं काम. एबी फॉर्म ज्याच्या खिशात, मतदारसंघ त्याच्या खिशात.

मी बंदरावर माल उतरवतो. आमच्याकडं मुकादम टोळी निवडतो, टोळी मुकादम निवडत नाय. मुकादम नालायक निघाला तरी वरून हलेपर्यंत हलत नाय. आमदारकीचं हेच आहे. फरक एवढाच, की आमच्या मुकादमाला आम्ही निदान तोंडावर शिवी देतो.

उदय सामंत 2004 आणि 2009 ला राष्ट्रवादीकडून, 2014 पासून शिवसेनेकडून, 2022 च्या फुटीनंतर शिंद्यांच्या सेनेकडून. पक्ष बदलला, फॉर्म बदलला, आमदार तोच. त्यांच्याविरुद्ध 2024 ला उभे राहिलेले बाळ माने आधी भाजपचे, मग मशाल घेऊन आले. कोण कुठल्या घरातून कुठं गेला हे बौद्धवाडीत कुणी विचारत नाय, कारण विचारून उपयोग नाय. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानं आमदाराच्या गळ्यात पक्षाचा पट्टा बांधला, मतदाराच्या हातात दोरी दिली नाही.

दोस्तहो, आता कान देऊन ऐका. ही प्राथमिक निवडणूक आपल्याला परकी नाही. या देशात ती कायद्यानं फक्त आपल्यासाठी झाली होती! 24 सप्टेंबर 1932 चा पुणे करार काढून वाचा. राखीव जागेवर आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी मत द्यायचं, चार माणसांचं पॅनेल निवडायचं, मग त्या चौघांतला एक सगळ्या मतदारांनी मिळून निवडायचा. मुदत दहा वर्षांची. बाबासाहेबांना स्वतंत्र मतदारसंघ पाहिजे होते, पदरात पडली ही चाळणी. आणि चाळणीचं दुसरं टोक सवर्णांच्या हातात! आपल्या मतात मागं पडलेला माणूस शेवटच्या फेरीत त्यांच्या मतांवर निवडून यायची सोय होती. 1945-46 ला तेच झालं. पहिल्या फेरीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची माणसं ठिकठिकाणी पुढं, दुसऱ्या फेरीत आडवी. पुढं राज्यघटनेत राखीव जागा राहिल्या, पहिली फेरी गेली.

म्हणून नुसती प्राथमिक निवडणूक पाहिजे म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. शेवटचं मत कुणाचं, ते आधी बोला. रत्नागिरी जिल्ह्यात विधानसभेच्या पाच जागा, एकही राखीव नाही. लोकसभाही खुली. म्हणजे इथं आपला माणूस उभा करायचा तर खुल्या मैदानात. जमत नाही असं कुणी सांगू नये. 1937 ला बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं खोतीविरुद्ध कुणब्याला आणि महाराला एकत्र आणलं, त्याच वर्षी सप्टेंबरात खोती मोडण्याचं विधेयक मांडलं. 1998 ला आपले चार खासदार, प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले, चौघेही खुल्या जागांवरून लोकसभेत गेले. काँग्रेसशी युती होती, खरं. पण गेले. आणि नंतर चौघांची तोंडं चार दिशांना.

इथं मला आपल्याच लोकांना विचारायचंय. सामंत-राण्यांना शिव्या देणं सोपं. 1957 ला स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे आज जितके गट आहेत, त्यातल्या कुठल्या गटाचा अध्यक्ष वाडीतल्या माणसाच्या मतानं बदलतो? आठवले 2014 पासून राज्यसभेत आहेत, दुसऱ्याच्या पंगतीत. त्यांना एखादा पोरगा आव्हान देऊ शकतो का, ‘साहेब, खुर्ची खाली करा, मतदान घ्या’ म्हणून? पोरगा तसं बोलला की नवा गट निघतो. आव्हान द्यायला जागाच ठेवली नाही, म्हणून फाटाफूट. गटबाजी हा आपला स्वभाव आहे असं पेपरवाले लिहितात. साफ खोटं आहे. दार बंद केलं की माणूस भिंत फोडतो.

पुढची विधानसभा 2029 ला. त्याआधी जिल्ह्यातल्या बौद्धवाड्यांनी, आणि येतील त्या कुणबी, भोई, दालदी मोहल्ल्यांनी, आपली पहिली फेरी स्वतः घ्यावी. बुद्धविहारात पेटी ठेवायची, बायांचं मत आधी. चार नावं काढायची आणि सगळ्या पक्षांच्या तोंडावर मारायची. यातला एक घ्या, नाहीतर आमचा तो अपक्ष. जो आत्ता खुर्चीत बसलाय त्यालाही बोलवायचं, पाच वर्षांचा हिशेब द्यायला. नाय आला तर त्याची रिकामी खुर्ची समोर मांडून सभा सुरू करायची.

टोळीत मी हे बोललो. बरेच जण तयार झाले. उरलेले म्हणाले, पेटी ठेव रे, पण त्या दिवसाची हजेरी कोण भरून देणार?