चार मैलांचा वेग : इंग्लंडचे कालवे, सुट्टीची नाव आणि हरवलेले नावाडी

१/
इंग्लंडच्या कालव्यांतून नॅरोबोटीने फिरण्याच्या जाहिराती बहुधा एकाच सुरात लिहिलेल्या असतात. हिरवे काठ, विटांचे कमानदार पूल, नावेमागे रेंगाळणारा राजहंस, हातात चहाचा पेला आणि ताशी जास्तीत जास्त ४ मैलांचा वेग. जग धावत नव्हते अशा एका निवांत काळात ही सहल प्रवाशाला परत नेते, असे त्यांतून सुचवले जाते. चित्र मोहक आहे, पण इतिहास म्हणून ते उलटे आहे. हे कालवे खोदले गेले ते घाईपोटी.

२/
ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर याच्या वर्स्ली येथे कोळशाच्या खाणी होत्या आणि काही मैलांवरच्या मँचेस्टरला कोळसा हवा होता. मध्ये होते ते खराब रस्ते आणि खेचरा-घोड्यांच्या पाठीवरची वाहतूक. ड्यूकने जेम्स ब्रिंडली या गिरणीकामात मुरलेल्या कारागिराला हाताशी धरले. अर्वेल नदीच्या डोक्यावरून कालवा नेणारा बार्टनचा जलसेतू १७६१ मध्ये वाहता झाला. खाली नदीत नावा आणि वर हवेत नावा, हे दृश्य पाहायला लोक लांबून येत. मँचेस्टरमधला कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. देशभरातल्या कारखानदारांनी पाहिला तो हा आकडा.

३/
त्यामागचे गणित साधे होते. त्या काळच्या रस्त्यावर एक घोडा गाडीतून फार तर टन-दोन टन माल ओढी. तोच घोडा काठावरून चालत पाण्यातली २५-३० टनांची नाव ओढू शके. जोसाया वेजवुड या कुंभारकामाच्या कारखानदाराला हे चटकन उमगले, कारण त्याची नाजूक भांडी खडबडीत रस्त्यांवर फुटत. ट्रेंट अँड मर्सी कालव्याची पहिली कुदळ १७६६ मध्ये त्यानेच मारली. सुमारे ९३ मैलांचा हा कालवा १७७७ मध्ये पूर्ण झाला. तो पाहायला ब्रिंडली उरला नव्हता, १७७२ मध्येच तो वारला.

आज प्रवाशाला ज्या अरुंद नावेचे कौतुक वाटते तिची मापे याच कालव्याच्या हिशेबातून आली. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेली कोठी; तिच्यात पाणी भरून किंवा सोडून नाव वर चढवतात वा खाली उतरवतात. ब्रिंडलीने इथले लॉक सुमारे ७ फूट रुंद ठेवले. विटा वाचल्या, पाणी वाचले, पैसा वाचला. म्हणून नाव ७० फूट लांब आणि जेमतेम ७ फूट रुंद झाली.

४/
याच कालव्यावर हेअरकासल येथे २,८८० यार्ड लांबीचा बोगदा आहे. ब्रिंडलीच्या या बोगद्यात घोड्याला चालायला वाटच नव्हती. घोडा सोडून डोंगरावरून पलीकडे नेत आणि माणसे फळीवर उताणी पडून, बोगद्याच्या भिंतींवर पाय रेटीत, मालाने भरलेली नाव अंधारातून पुढे सरकवीत. असे काही तास. टॉमस टेलफर्डने १८२७ मध्ये शेजारी दुसरा बोगदा बांधला, त्यात घोड्यासाठी वाट ठेवली, तेव्हा इथल्या माणसांच्या पायांना उसंत मिळाली. ब्रिंडलीचा बोगदा आता बंद आहे. सुट्टीच्या नावा टेलफर्डच्या बोगद्यातून जातात.

५/
पुढे रेल्वे आली आणि कालव्यांचा नफा ओसरला. मालवाहतुकीचे दर पाडावे लागले, आणि दर पाडण्याची किंमत चुकवली नावाड्याच्या घराने. पगारी मदतनीस परवडेना, तेव्हा अनेकांनी काठावरचे भाड्याचे घर सोडून बायको-मुलांसह नावेतच बिऱ्हाड केले. नावेच्या मागच्या टोकाला सुमारे १० फूट लांबीची एक केबिन असे. त्यातच चूल, घडीचा पलंग, कपाट आणि सारे कुटुंब. उरलेली सगळी लांबी मालाची, कारण पैसे मालाचे मिळत. मजुरी खेपेवर असे आणि ती नवऱ्याच्या हाती पडे. सुकाणू धरणारी बायको आणि घोड्यामागे चालणारे मूल यांना वेगळा पैसा नव्हता. नाव थांबली की कमाई थांबली, म्हणून शाळा कुठल्याच गावात धड होत नसे.

६/
इथे एक मुद्दा ठामपणे मांडायला हवा. नॅरोबोटीवरची गुलाबांची आणि किल्ल्यांची रंगीत चित्रे आज 'कालव्यांची लोककला' म्हणून कपबश्यांवर विकली जातात. ती सुबत्तेची खूण नव्हे. ७ बाय १० फुटांत राहणाऱ्या, काठावरच्या लोकांनी घाणेरडे ठरवलेल्या माणसांनी आपले घर हे घर आहे असे सांगण्याची ती रीत होती. घासून लखलखीत केलेले पितळ, भिंतीवरच्या जाळीदार काठाच्या बशा, रंगवलेला पाण्याचा डबा, सगळे त्याच हट्टातले.

समाजसुधारक जॉर्ज स्मिथ याने मात्र तो हट्ट फारसा पाहिला नाही. विटभट्टीतल्या मुलांसाठी लढलेला हा माणूस, स्वतः लहानपणी त्याच कामात राबलेला. त्याच्या रेट्यामुळे १८७७ मध्ये कॅनाल बोट्स अ‍ॅक्ट झाला: नावांची नोंदणी आणि किती माणसांनी राहावे याला मर्यादा. १८८४ मध्ये तपासणीची आणि शिक्षणाची कलमे आली. कायदे गरजेचे होते. पण ते मागताना त्याने नावाड्यांना जवळजवळ रानटी म्हणून रंगवले, आणि तो डाग कायद्यांपेक्षा टिकाऊ ठरला.

७/
दुसऱ्या महायुद्धात मनुष्यबळ कमी पडले तेव्हा शहरी तरुणींना शिकवून ग्रँड युनियन कालव्यावर मालनावा चालवायला पाठवले गेले. त्यांच्या बिल्ल्यावर 'इनलँड वॉटरवेज'ची आद्याक्षरे होती, आय आणि डब्ल्यू. त्यावरून 'आयडल विमेन', म्हणजे रिकामटेकड्या बाया, असे नाव पडले. या बाया लंडनहून बर्मिंगहॅमकडे टनावारी माल नेत आणि परतीला कोळसा भरून आणत. विनोद चांगला होता, पण त्यांच्याआधी शतकभर हेच काम करणाऱ्या नावाड्यांच्या बायकांना कोणी बिल्लासुद्धा दिला नव्हता.

८/
आता कालवे वाचले कसे, याविषयी. एल. टी. सी. रोल्ट हा अभियंता १९३९ मध्ये पत्नीसह 'क्रेसी' नावाच्या नावेतून मध्य इंग्लंडचे कालवे फिरला. त्यावरचे त्याचे 'नॅरो बोट' हे पुस्तक डिसेंबर १९४४ मध्ये आले आणि युद्धाने थकलेल्या वाचकांनी ते उचलून धरले. ते वाचून रॉबर्ट एकमनने लेखकाला पत्र लिहिले. १९४५ मध्ये टार्डबिग येथे दोघे भेटले आणि १९४६ मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन स्थापन झाली.

पण दोघांना हवे होते ते एक नव्हते. एकमनचा आग्रह होता की प्रत्येक मैल वाचवायचा, वापर कशासाठीही होवो. रोल्टला नावाडी, त्यांचा धंदा आणि त्यांची हातोटी जिवंत हवी होती. १९५० मध्ये मार्केट हारबरो येथे नावांचा मोठा मेळावा भरला. तोवर दोघांत बिनसले होते. १९५१ मध्ये संघटनेने रोल्टलाच काढून टाकले.

९/
निकाल एकमनच्या बाजूने लागला. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि तगून राहिलेल्या मालवाहतुकीचे कंबरडे मोडले. त्याच १९६३ मध्ये स्टोक ब्रुअर्न येथे कालव्यांचे संग्रहालय उघडले. १९६८ च्या वाहतूक कायद्याने अनेक कालवे अधिकृतपणे सहलीसाठी राखले. अ‍ॅथरस्टोनहून लंडनजवळच्या साउथॉल येथील जॅमच्या कारखान्याला कोळसा नेण्याची खेप १९७० मध्ये थांबली. नॅरोबोटींची ती शेवटची लांब पल्ल्याची नियमित खेप मानली जाते.

१०/
एकमन नसता तर यांतले बरेच कालवे बुजवून त्यांवर रस्ते झाले असते, हे मान्य करावे लागते. सहलीच्या पैशावर आणि स्वयंसेवकांच्या घामावर शेकडो मैल पुन्हा वाहते झाले. रोल्टच्या स्वप्नातही खोट होती: ज्या जीवनाच्या तो प्रेमात होता ते मुलांना शाळेपासून दूर ठेवणारे जीवन होते, आणि नावाड्यांच्या कित्येक मुलांना काठावरचे घर व नळाचे पाणीच हवे होते. तरीही प्रश्न रोल्टचाच नेमका होता. विटा, दारे, जलसेतू यांची यादी करून जपणूक झाली. पाण्यावर राबणाऱ्या माणसांची सोय लावताना मात्र ते काम नव्या काळात कसे टिकेल, यावर तेवढे डोके कोणी चालवले नाही. शिवाय नावाड्यांच्या श्रमाचा वेग 'निवांत' म्हणून विकताना ते श्रम जाहिरातीतून पुसले गेले.

११/
हा प्रश्न संग्रहालयात जाऊन बसलेला नाही. २०१२ पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्टकडे असलेल्या सुमारे २,००० मैलांच्या जाळ्यावर आज ३० हजारांहून अधिक नावा आहेत. त्यांतल्या हजारो नावा सहलीच्या नाहीत. ती राहती घरे आहेत, विशेषतः लंडनमध्ये, जिथे काठावरचे भाडे परवडत नाही. कायमची जागा नसलेल्या नावेने एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबू नये, असे १९९५ चा ब्रिटिश वॉटरवेज अ‍ॅक्ट सांगतो. परिस्थितीनुसार वाजवी असेल तरच सवलत. नावेत मूल असेल आणि त्याची शाळा एकाच गावात असेल, तर वाजवी किती, यावर ट्रस्ट आणि नावेतली कुटुंबे आजही भांडत आहेत.