अंगण खरंच वाकडं असेल तर?

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण गोळीबाराच्या मैदानावर किती सहज तोंडावर फेकली जाते, हे महिला पोलिसांशी बोलताना मी वारंवार ऐकलं आहे. एकच पिस्तूल दहा जणांच्या हाती फिरतं. नऊ जणांकडे ते सुरळीत चालतं आणि दहावीच्या हातात अडकतं. निष्कर्ष तिथल्या तिथे निघतो: बाईचं मनगट लेचंपेचं. वहीत तशी नोंद होते आणि हळूहळू सशस्त्र कामाच्या यादीतून तिचं नाव गळतं. मग ती टपाल सांभाळते.

मैत्रिणींनो, आपल्या अंकात पिस्तुलावर लेख कशाला, असं तुम्ही विचाराल. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. किंमत लाखाच्या वर! सुरक्षिततेची जबाबदारी बाईच्याच पर्समध्ये टाकणाऱ्या त्या कल्पनेला माझा तेव्हाही विरोध होता, आजही आहे. पण इथे प्रश्न नोकरीचा आहे. महाराष्ट्राचं पहिलं महिला धोरण १९९४ मध्ये आलं, सरकारी नोकऱ्यांत ३० टक्के जागा आल्या, मुली पोलिसांत भरती झाल्या. दार उघडलं, पण आतलं सामान जुन्याच मापाचं राहिलं.

म्हणून यंत्र समजून घेऊ. गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, जोराने मागे येते. येताना रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकते, स्प्रिंग दाबते, आणि पुढे जाताना मॅगझीनमधलं नवं काडतूस नळीत ढकलते. हे सगळं व्हायला खालचा भाग, म्हणजे मूठ, जागच्या जागी राहावी लागते. खलबत्ता डुगडुगत्या पाटावर ठेवून कुटून बघा, निम्मा घाव पाटच खातो. तसंच मूठही स्लाइडबरोबर मागे गेली तर स्लाइडला पुरतं मागे जाता येत नाही. पुंगळी दारातच उभी अडकते, किंवा पुढचं काडतूस उचललंच जात नाही.

म्हणजे उस्ताद म्हणतात ते अगदी खोटं नाही. पण ते अर्धंच आहे. मनगट का हलतं, हा पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेलं ९ एमएम पिस्तूल १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवर या नमुन्यावरून आलेलं आहे. त्याच्या मॅगझीनमध्ये १३ काडतुसं दोन ओळींत बसतात, म्हणून मूठ जाड. आखूड बोटांच्या हाताला ट्रिगरपर्यंत पोचायचं तर पंजा बाजूला फिरवावा लागतो. मग नळी आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत राहत नाहीत आणि धक्का वाकड्या मनगटावर येतो. अशा वेळी कितीही ताकद लावा, सांधा वाकणारच. कधी अंगठा स्लाइडला घासतो. कधी तो स्लाइड अडवणाऱ्या खटक्याला खालून लागतो आणि काडतुसं शिल्लक असतानाच पिस्तूल उघडं राहतं. यातलं काहीही 'कमजोरी' नव्हे.

आणखी एक गोष्ट मला एका निवृत्त शस्त्र-कारागिराने समजावली. तेल सुकलेलं, काडतुसं जुनी, मॅगझीनचे ओठ किंचित वाकलेले, अशी बारीक दुखणी असलेलं पिस्तूल घट्ट पकडीत कसंबसं चालून जातं. ज्या हातात ते अडकतं, तो हात त्या दुखण्याची बातमी देत असतो. उद्या एखाद्या जवानाच्या खांद्याला गोळी लागली आणि त्याला डाव्या हाताने चालवावं लागलं, तर त्याच्याही हातात ते अडकेल. तेव्हा त्याच्या पुरुषत्वाबद्दल कुणी बोलणार नाही, हे मी लिहून देते.

तपास कसा करायचा, हे शिवणयंत्र दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तिला दुसरं पिस्तूल द्या. तेच पिस्तूल, पण दुसरं मॅगझीन द्या. दुसऱ्या पेटीतली काडतुसं द्या. शेजारी उभं राहून फक्त तिचा अंगठा बघा. एवढं करूनही पकडच दोषी ठरली, तर ती शिकवा: मूठ शक्य तितकी वर धरायची, दुसऱ्या हाताने मोकळी जागा भरून काढायची, मनगट ताठ ठेवून किंचित पुढे झुकायचं. मुठीचं माप बदलणंही अशक्य नाही. ग्लॉक कंपनीने २०१० मध्ये चौथ्या पिढीच्या पिस्तुलांना मुठीची पाठ बदलता येण्याची सोय दिली. प्लास्टिकचा एक तुकडा, बस्स. कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकली. तिच्या खेळात तर नेमबाजाच्या पंजाप्रमाणे घडवलेली लाकडी मूठ वापरतात, आणि त्याला कुणी सवलत म्हणत नाही.

माझी मागणी साधी आहे. पिस्तूल अडकलं की नोंदवहीत पिस्तुलाचा क्रमांक, मॅगझीनचा क्रमांक, काडतुसांचा लॉट आणि पुंगळी नेमकी कशी अडकली, हे लिहिलं जावं. मनगटाबद्दलचा शेरा त्यानंतर. तोवर प्रशिक्षणाला निघालेल्या आपल्या ओळखीच्या मुलींना हे चार तपशील तारखेसह स्वतःच्या वहीत टिपायला सांगा. शेऱ्याविरुद्ध अर्ज करायची वेळ आली, तर तीच वही सोबत जोडता येईल.