विश्लेषण : संधिवाताची गोळी चालू, डोळ्यांची तपासणी कधी?

मार्च २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने करोनाप्रतिबंधासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेण्याची शिफारस केली आणि या गोळीचे नाव घरोघरी पोहोचले. तो गाजावाजा ओसरला. पण ही गोळी वर्षानुवर्षे रोज घेणारे खरे रुग्ण वेगळेच आहेत. ते ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे आणि ल्युपसचे, आणि त्यांत स्त्रियाच अधिक. औषध स्वस्त आहे, बहुतेकांना सोसवते. मात्र दीर्घकाळ घेतल्यास काहींच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा होते आणि ती भरून येत नाही.

रुग्णाला कळत का नाही?

सुरुवातीची इजा पडद्याच्या अगदी मध्यबिंदूला नव्हे, तर त्याच्या भोवतालच्या भागाला होते. त्यामुळे तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते आणि चष्म्याचा नंबर बदललेला नसतो. वाचताना अक्षरे गळू लागतात किंवा समोर डाग दिसू लागतो, तोवर बराच उशीर झालेला असतो. गोळी थांबवल्यावरही काही रुग्णांत नुकसान वाढत राहते. म्हणूनच ‘दिसायला त्रास झाला तर या’ हा सल्ला इथे कुचकामी आहे. चष्म्याच्या दुकानातली तपासणीही पुरत नाही. पडद्याचे थर दाखवणारी ओसीटी आणि दृष्टीचा परीघ मोजणारी फील्ड चाचणी, अशा दोन्ही लागतात. आशियाई वंशाच्या रुग्णांमध्ये इजा अनेकदा मध्यापासून आणखी दूर सुरू होते, म्हणून परीघही थोडा अधिक विस्तृत तपासावा लागतो.

धोका किती?

योग्य मात्रेत पहिल्या पाच वर्षांत एक टक्क्याहून कमी, दहा वर्षांपर्यंत दोन टक्क्यांहून कमी आणि वीस वर्षांनंतर सुमारे २० टक्के, असे अमेरिकेतील २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. अमेरिकी नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेची २०१६ ची शिफारस अशी की, पहिल्या वर्षात एकदा पडदा तपासून घ्यावा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंड कमजोर असेल, स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन चालू असेल किंवा पडद्याचा आजार आधीपासून असेल, तर पाच वर्षे थांबू नये.

खरी मेख मात्रेत आहे. दिवसाला प्रत्येक किलो वजनामागे पाच मिलिग्रॅमपेक्षा अधिक नको, असे हीच शिफारस सांगते. म्हणजे ४५ किलोच्या बाईंना २२५ मिलिग्रॅम. त्यांना रोज ४०० ची गोळी दिली, तर मात्रा किलोमागे नऊ मिलिग्रॅमच्या जवळ जाते. ४०० मिलिग्रॅम बसायला ८० किलो वजन हवे! आपल्याकडे ‘मागचेच चालू ठेवा’ असे सांगितले जाते, जुन्या चिठ्ठीवर औषध मिळत राहते आणि वजनकाट्यावर कुणी उभे करत नाही. गोळी देतात संधिवाततज्ज्ञ, डोळे पाहतात नेत्रतज्ज्ञ, आणि वर्षे मोजायचे काम दोघांपैकी कुणाचेच नसते. माझ्या मते ते गोळी लिहून देणाऱ्यानेच करावे. सुरू केल्याची तारीख, वजन आणि पुढील नेत्रतपासणीचा महिना, एवढे चिठ्ठीवरच लिहिले जावे. नेत्रतज्ज्ञाकडे गेल्यावर रुग्णानेही ‘ही गोळी इतकी वर्षे घेते’ हे आपणहून सांगावे. एरवी तिथे मोतीबिंदूच पाहिला जाईल. (तोही सोबत स्टेरॉइड चालू असतील तर पाहायलाच हवा, आणि डोळ्यातला दाबही.)

हे वाचून कुणी उद्यापासून गोळी बंद करू नये. ल्युपसमध्ये ती थांबवल्यास आजार उसळण्याचा धोका असतो, आणि तो मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. एखाद्या चाचणीत शंकास्पद काही दिसले, तरी आधी चाचणी पुन्हा करावी, दुसरी जोडून पाहावी आणि मग दोन्ही डॉक्टरांनी बोलून ठरवावे, हेच अमेरिकेतील संधिवात, त्वचा व नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे सांगितले आहे.