तलफ येण्याआधीची तयारी



एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नये अशी विनंती आहे, ती पाळतो. त्या लिहितात, "ह्यांनी दारू सोडून अठरा दिवस झाले. दिवसा बरे असतात. दिवेलागण झाली की येरझारा घालतात, माझ्यावर खेकसतात. आज जातील की उद्या, ह्याच धास्तीत मी असते. अशा वेळी आम्ही काय करावे?"

भगिनी, अठरा दिवस निघाले ही लहान गोष्ट नव्हे. इतर वाचकांसाठी एक गोष्ट आधी सांगून टाकतो. जो रोज भरपूर पितो त्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो, माणूस दगावतोही. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. तुमचे ते दिवस मागे पडले. आता उरली तलफ.

तलफेबाबत मी स्वतः चूक केलेली आहे. आमच्या वस्तीतले एक दादा पालिकेच्या कचरागाडीवर कामाला आहेत. विहारात सर्वांसमक्ष त्यांनी पंचशील घेतले. मी पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "दादा, मन घट्ट करा." ह्यापलीकडे काही केले नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी पगार झाला आणि ते अड्ड्यावर गेले. शील मोडले ह्या लाजेने दोन महिने विहाराकडे फिरकले नाहीत. शेवटी मीच घरी गेलो. ते म्हणाले, "भाऊ, मन घट्टच होतं. पण त्या टायमाला करायचं काय, ते कुणी सांगितलंच नव्हतं."

दवाखान्यात जाऊन त्यांनी पुन्हा सोडली, तेव्हा मी त्यांना एक वही दिली. कारकुनाला दुसरे काय सुचणार! दुकानाची रोजकीर्द असते तशी तलफेची रोजकीर्द. तलफ आली की वेळ, जागा, सोबत कोण, शेवटचे कधी खाल्ले, एवढेच लिहायचे. मुलगी लिहून घेई. पंधरा दिवसांत सोळा नोंदी झाल्या. त्यांतल्या अकरा दुपारी ड्यूटी सुटल्यापासून घरी पोचेपर्यंतच्या. सकाळी सहाला चहा-पाव, त्यानंतर पोटात काही नाही, अंगाला घाण वास, मुकादमाची बोलणी खाल्लेली, आणि वाटेवर देशी दारूचे दुकान. गाडीवरच्या कामाला दारू लागतेच असे म्हणणारे पुष्कळ आहेत. वही तसे म्हणत नव्हती. गाडीवर असताना तलफेची एकही नोंद नव्हती.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली संघटना. तिच्या मराठी सभा आपल्याकडेही भरतात, फी नसते. तिथले जुने लोक चार गोष्टींना जपायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. दादांच्या वहीत चारही सापडल्या.

तलफ चढते तेव्हा वाटते, आता ही वाढतच जाणार. तसे होत नाही. तिला दारू मिळाली नाही तर बहुधा पंधरा मिनिटे ते अर्ध्या तासात ती ओसरू लागते. पुन्हा येते, पुन्हा ओसरते. म्हणजे प्रश्न आयुष्याचा नसून त्या अर्ध्या तासाचा आहे. मात्र त्या अर्ध्या तासात डोके चालत नाही, म्हणून काय करायचे ते डोके शांत असताना ठरवावे लागते.

दादांचे असे ठरले. पिशवीत शेंगदाणे-गुळाची पुडी. ड्यूटी सुटताच ती खायची, चौकीवरच अंघोळ करायची. घरी मागच्या गल्लीने यायचे, दहा मिनिटे जास्त गेली तरी चालेल. खिशात चिठ्ठी, तिच्यावर तीन फोन नंबर. एकाने उचलला नाही तर दुसऱ्याला. पगाराच्या दिवशी एटीएमचे कार्ड वहिनींकडे. कुणी ग्लास पुढे केला तर "मी घेत नाही" एवढेच बोलायचे आणि जागा सोडायची. कारण सांगत बसले की समोरच्याला वाद घालायला जागा मिळते.

तुमच्याकडे ती वेळ संध्याकाळची आहे. दिवे लागण्याआधी त्यांच्यापुढे भाकर-तुकडा ठेवा. घरात बाटली ठेवू नका, पाहुण्यांसाठीसुद्धा नाही. दारात तोंडाचा वास घेऊ नका. न प्यायलेल्या माणसाला त्याचा फार राग येतो. आणि तुमची धास्ती तुम्ही एकट्या वाहू नका. घरच्या माणसांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात, त्यांना जा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. भाजीत गुपचूप मिसळायची पावडर कुणी देईल, ती घेऊ नका. अशा पावडरीत डायसल्फिरम असेल आणि त्यावर माणूस प्यायला, तर रक्तदाब एकदम खाली येतो, जीवही जाऊ शकतो. हे औषध रोग्याला सांगून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचे असते. तलफ कमी करणारी नॅलट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधेही आहेत. ती यांना चालतील का ते डॉक्टरांना विचारा. केंद्र सरकारचा नशामुक्तीचा मोफत फोन नंबर १४४४६ आहे, तो चिठ्ठीवर लिहून ठेवा.

एखाद्या दिवशी पाय घसरलाच तर? तेही आधीच ठरवून ठेवा: कुणाला फोन करायचा, सकाळी कोण सोबत दवाखान्यात जाणार. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती मोडलेल्याला आपण विहाराच्या दारात टोमणे मारतो, मग तो अड्ड्यावर जाऊन बसतो, तिथे त्याला कुणी टोमणे मारत नाही. विहाराच्या कार्यकर्त्यांनी ह्याचा विचार करावा.

दादांना आता सात महिने झाले. येत्या शनिवारी त्यांच्या मेहुण्याच्या मुलीची हळद आहे आणि हळदीला गच्चीवर काय चालते ते सर्वांना ठाऊक आहे. आठला घरून जेवूनच निघायचे, हळद लावून साडेनऊला परतायचे असे ठरले आहे. वहिनी बरोबर आहेत. मी खाली रिक्षा घेऊन थांबणार आहे.