लिंबाचा बायोडेटा

बॉस, सांगा बघू, तुमच्या लिंबू-सोड्यातल्या लिंबाचे आईवडील कोण? झाली ना गोची? आपल्याकडे स्थळ आलं की मूळ गाव, मामेकूळ सगळं खणून काढतात. लिंबाला मात्र कुणी विचारत नाही.

शास्त्रज्ञांनी विचारलं. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक पोथी. तिच्यात ठरावीक जागी पपनसाकडे एक अक्षर असतं, संत्र्याकडे दुसरं. या खुणेच्या जागा म्हणजे मार्कर. एखाद्या फळात जागोजागी दोन्ही अक्षरं जोडीने सापडली की संकर पकडला! शिवाय या झाडांत हरितलवकाचा डीएनए आईकडूनच येतो. म्हणजे आई कोण, बाप कोण, तेही कळतं.

२०१८ साली ‘नेचर’मध्ये अशा ६० झाडांचा हिशेब छापून आला. तो वाचून मी उडालोच. मोसंबीचं कूळ म्हणजे पपनस आणि संत्र्याची मिसळ, आईकडून पपनस. त्या कुळाचं पुन्हा पपनसाशी जमलं, तेव्हा ग्रेपफ्रूट झालं. आणि आपलं कागदी लिंबू? आई फिलिपिन्सकडची एक रानटी जात, बाप महाळुंग! कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं, तेच फळ. विदर्भात संत्र्याचा डोळा ज्या जंबेरीच्या खुंटावर भरतात, ती जंबेरीसुद्धा संत्रं आणि महाळुंगाचं पोर. म्हणजे नागपुरी संत्र्याची मुळंही अर्धी महाळुंगाचीच.

गंमत बघा. फ्रूट प्लेटमध्ये मिरवणारी मंडळी बहुतेक मिश्र घराण्यातली. संत्र्याच्या बऱ्याच जातींतही पपनसाचा अंश निघाला, आणि तो जितका जास्त तितकं फळ मोठं. खरे मूळपुरुष महाळुंग आणि पपनस. त्यांच्याकडे मॉलमध्ये कुणी ढुंकून बघत नाही.

इथेच मला काळजी वाटते. मोसंबी, माल्टा, व्हॅलेन्सिया या सगळ्या एकाच जुन्या संकराच्या कलमी प्रती, किरकोळ फरकाच्या. एकाला जो रोग मारतो तो सगळ्यांनाच मारतो. फ्लोरिडात २००५ मध्ये ‘ग्रीनिंग’ रोग सापडला. २००३-०४ च्या तुलनेत तिथलं संत्र्यांचं उत्पादन आता ९० टक्क्यांहून जास्त घसरलंय. वादळांनी भर घातली, पण मुख्य घाव रोगाचा. आता संशोधक प्रतिकारशक्तीसाठी ऑस्ट्रेलियातल्या रानटी भाऊबंदांचे दरवाजे ठोठावताहेत. अडचणीत शेवटी नातेवाईकच आठवतात, नाही का?

पण नातेवाईक शिल्लक तर हवेत! कुणी विकत घेत नाही म्हणून परसातलं झाड तोडलं, की त्याच्यासोबत एक अख्खी पोथी जाते. ती परत छापून मिळत नाही. तेव्हा मंडईत पपनस दिसलं तर फक्त गणपतीपुढे ठेवायला घेऊ नका. सोला, मीठ-तिखट लावा आणि मस्त हाणा. गिऱ्हाईक असेल तरच झाड राहील.