गृहकौशल्य : बिजागरीचे चुकलेले छिद्र

परदेशी संसार थाटणाऱ्या महाराष्ट्रीय गृहस्थास ज्या विद्यांची स्वदेशी कधी गरज भासली नव्हती, त्यांत सुतारकीचा क्रम बराच वरचा लागतो. गावी सुताराला निरोप धाडला की काम भागे; इंग्लंडात मात्र कारागिराच्या मजुरीचा आकडा ऐकून पुष्कळजण स्वतःच हाती गिरमिट घेतात. भिंत रंगविताना थोडी चूक खपून जाते. खोलीचे दार बसविण्याचे काम तसे नव्हे. तेथे सुताभर चूकही दाराला चौकटीत मिटू देत नाही.

लेस्टर येथील एका मराठी कुटुंबास याचा चांगलाच प्रत्यय आला. रत्नागिरीहून वडील चार महिन्यांसाठी येणार, म्हणून मुलाने तळमजल्यावरील खोली त्यांच्यासाठी सिद्ध केली आणि तिला नवे दार बसविण्यास घेतले. दार तेथील नेहमीच्या मापाचे, १९८१ मिलिमीटर उंच व ७६२ मिलिमीटर रुंद, म्हणजे जुन्या हिशेबाने साडेसहा फूट बाय अडीच फूट होते. चौकटीवर वरच्या बिजागरीची छिद्रे सुताभर बाजूला पडली. त्याने स्क्रू काढून शेजारीच नवी छिद्रे पाडली; परंतु स्क्रू आवळताच ते घसरून पुन्हा जुन्याच छिद्रांत शिरले. तेव्हा त्याने छिद्रांत लांबी भरली व ती वाळल्यावर स्क्रू पक्के केले. त्या दिवशी दार ठीक लागले. वडील येऊन आठवडा झाला नाही तोच लांबीचा भुगा गळू लागला, दार खाली झुकले, आणि एके पहाटे ते चौकटीत असे रुतले की सत्याहत्तर वर्षांच्या वृद्धास आतून उघडेना. मुलाने बाहेरून मूठ धरून दार वर उचलले, तेव्हा कोठे त्यांची सुटका झाली.

मुलगा खजील होऊन म्हणाला, "अण्णा, आज पुन्हा लांबी भरून घट्ट करतो."

"अरे, भोक दिसेनासे करणे निराळे आणि भोकाच्या जागी लाकूड आणणे निराळे," अण्णा म्हणाले. "आपल्या पडवीच्या दाराला सुताराने सागाची खुंटी मारली होती, आठवते ना? ते दार अजून लागते आहे."

अण्णांच्या बोलण्यात या कामाचे सारे मर्म आहे. स्क्रूचे आटे लाकडाच्या तंतूंत रुतून बसतात, म्हणून तो धरतो. लांबीत तंतू नसतात; ती छिद्र झाकते, भार पेलत नाही. शेजारी जुने छिद्र मोकळे असेल, तर कमी विरोधाच्या वाटेने स्क्रू तिकडेच वळतो. यास्तव आधी जुन्या जागी लाकूड भरावे, मगच नवे छिद्र पाडावे.

त्याची रीत अशी. चुकलेले छिद्र ८ मिलिमीटरच्या गिरमिटाने सुमारे २५ मिलिमीटर खोल व सरळ करून घ्यावे. त्याच जाडीची कठीण लाकडाची गोल खुंटी लाकडाच्या गोंदात बुडवून हलकेच ठोकावी आणि रात्रभर वाळू द्यावी. सकाळी वर राहिलेला भाग पटाशीने सपाट तासावा. बिजागरी जागी धरून छिद्राचा मध्य टोचणीने टोचावा, म्हणजे गिरमिट सरकत नाही. ४ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी २.५ मिलिमीटरचे छिद्र पुरते. खुंटीचे तंतू लांबीच्या दिशेने असल्यामुळे त्यांत स्क्रूची पकड थोडी कमी असते; म्हणून स्क्रू खुंटीपलीकडील कोऱ्या लाकडात पोचेल इतका लांब घ्यावा. पितळी स्क्रू वापरावयाचे असल्यास आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करावी व पितळी स्क्रूला मेण लावावे, अन्यथा त्याचे डोके तुटण्याचा संभव असतो.

दोन गोष्टींविषयी सावध असावे. हलक्या दारांच्या पोटात पुष्कळदा पुठ्ठ्याची जाळी असते व भरीव लाकूड केवळ कडेला असते. तेथे फार खोल जाऊ नये. तसेच घराला जोडलेल्या मोटारखान्याकडे उघडणारे दार आगीस रोखण्यासाठी बनविलेले असते. त्यात फेरफार करण्यापूर्वी निर्मात्याच्या सूचना पाहाव्यात.

चूक मुळातच टाळण्याचाही एक सोपा उपाय आहे. प्रथम प्रत्येक बिजागरीस दोन्ही बाजूंनी एकेकच स्क्रू लावून दार उघडमीट करून पाहावे. ते सुरळीत फिरल्यावरच उरलेली छिद्रे पाडावीत.

लेस्टरच्या त्या घरी दुसऱ्या दिवशी पितापुत्रांनी मिळून दार पुन्हा चढविले. अण्णांनी ते एका बोटाने लोटले. ते मुकाट्याने चौकटीत जाऊन बसले. त्या रात्री त्यांनी खोलीचे दार निर्धास्तपणे लावून घेतले.