कुलपांचा क्रम आधी कागदावर हवा

मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे आणि कोलकत्याकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे 1870 साली जबलपूरला येऊन मिळाल्या आणि हे शहर रेल्वेच्या नकाशावर कायमचे बसले. सामाईक वस्तू वापरायची तर ती आधी कुलूपबंद करावी लागते, हे रेल्वेइतके दुसऱ्या कोणत्याही व्यवसायाने रक्त सांडून शिकलेले नाही. सांधे योग्य बाजूला बसून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल मिळणारच नाही, अशी यांत्रिक अडवणूक म्हणजे इंटरलॉकिंग. ब्रिटनमध्ये ही युक्ती ठाऊक असूनही काही कंपन्या खर्चाकडे बोट दाखवून टाळाटाळ करत होत्या. 12 जून 1889 रोजी आयर्लंडमध्ये आर्माजवळ सहलीची गाडी उतारावरून मागे घरंगळली, 80 माणसे मेली आणि त्याच वर्षी संसदेने ब्लॉक पद्धत, इंटरलॉकिंग आणि सलग ब्रेक या तिन्ही गोष्टी प्रवासी मार्गांवर सक्तीच्या केल्या. अभियंत्यांना जे आधीपासून कळत होते, ते प्रत्यक्षात यायला कायदा लागला. आज जबलपूरला पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे. याच रेल्वेच्या कोटा ते मथुरा पट्ट्यात 2025 मध्ये गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या ‘कवच’ या स्वयंचलित यंत्रणेची नवी आवृत्ती सुरू झाली आणि गाडी थांबवायची की नाही, हे ठरवण्यात संगणकाचाही वाटा आला. कुलपाचा प्रश्न रुळांवरून चिपमध्ये उतरला आहे. तिथली कुलपे कोणी, कशी आणि कोणत्या क्रमाने लावायची, हे विकत घेणाऱ्याने लेखी मागितले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

चिपमधल्या ‘क्लॉक’चे काम वेळ सांगण्याचे नसते. ती एक विजेची ठोक्यांची मालिका असते आणि तिच्या प्रत्येक ठोक्यावर चिपचा एकेक भाग एक पाऊल पुढे टाकतो. जबलपूरच्या छावणीतल्या सदर बाजारात कुणाच्याही खिशातला मोबाइल घेतला, तरी त्यात असे शेकडो ठोके असतात: कॅमेऱ्याचा वेगळा, पडद्याचा वेगळा, मेमरीचा वेगळा. वीज वाचवायची म्हणून ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नेल, नको ते ठोके सतत बंद करत असतो आणि लागतील तसे सुरू करतो. अडचण अशी की हे ठोके एखाद्या वंशावळीसारखे एकमेकांतून निघतात. एका मूळ ठोक्यावर तीन-चार उपकरणे जगत असतात, म्हणून किती जणांना तो हवा आहे याची मोजणी कर्नेलला ठेवावी लागते. समजा मोजणी एकवर आहे. प्रोसेसरच्या दोन गाभ्यांनी एकाच क्षणी ती वाचली, दोघांनीही एक मिळवला आणि दोघांनीही ‘दोन’ लिहिले. खरे वापरकर्ते तीन, नोंद दोनाची. पुढे त्यातले दोघे काम संपवून गेले की नोंद शून्यावर येते आणि तिसरा काम करत असतानाच त्याचा ठोका बंद पडतो. अनेक चिपांवर ठोका थांबलेल्या भागातून काही वाचायला गेले, तर उत्तर येतच नाही आणि सगळी यंत्रणा तिथेच गोठते. म्हणून मोजणीला हात लावण्याआधी कुलूप घ्यायचे. इथवर कुणाचे दुमत नाही.

खरे कौशल्य लागते ते कुलूप कोणत्या जातीचे घ्यायचे, हे ठरवताना. काही ठोके क्षणात सुरू होतात. एका रजिस्टरमधला एक बिट बदलला की झाले. काहींना स्थिर व्हायला वेळ लागतो, तर काहींचा ताबा एखाद्या संथ तारेपलीकडच्या दुसऱ्या चिपकडे असतो. संथ कामात कर्नेलने झोपून वाट बघणे योग्यच. पण इंटरप्ट, म्हणजे एखाद्या उपकरणाची तातडीची हाक, आला की जो कोड धावतो, त्याला झोपण्याची मुभा नसते. 2012 साली लिनक्सच्या 3.4 आवृत्तीत ठोक्यांच्या नियंत्रणाची सामाईक व्यवस्था आली, तिने हे दोन भाग वेगळे केले: ‘तयार करणे’ हे संथ काम म्युटेक्सखाली, म्हणजे झोपून वाट बघू देणाऱ्या कुलपाखाली, तर ‘चालू करणे’ हे झटपट काम इंटरप्ट रोखून धरणाऱ्या स्पिनलॉकखाली, म्हणजे न झोपता वाट बघायला लावणाऱ्या कुलपाखाली. मला ही विभागणी अतिशय सुंदर वाटते. कोणते काम झोपू शकते आणि कोणते नाही, हे ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा कोड, लिहिणाऱ्याला फंक्शनच्या नावावरूनच कळते. त्याआधी बहुतेक एआरएम चिपांचे आपापले वेगळे नियम होते आणि एका चिपचा ड्रायव्हर दुसरीवर न्यायचा म्हणजे नव्याने अंदाज बांधणे होते. पण चांगली रचनाही आपोआप सुरक्षित राहत नाही. ठोका तयार करणाऱ्याने म्युटेक्स घेतला आणि मग त्या भागाची वीज जागी करायला गेला; त्याच वेळी वीज जागी करणाऱ्याने आपले कुलूप धरले आणि ठोक्याचा म्युटेक्स मागितला. दोघेही एकमेकांची वाट बघत उभे. हा डेडलॉक निस्तरला गेला 2024 मध्ये, म्हणजे व्यवस्था आल्यानंतर बारा वर्षांनी. उपाय साधा होता: सगळ्यांनी आधी वीज जागी करायची आणि मगच ठोक्याचे कुलूप घ्यायचे. म्हणजे क्रम ठरवायचा.

यावर पहिला आक्षेप येतो तो चाचणीचा. यंत्र महिनोन्‌महिने चालवून बघितले, एकदाही अडकले नाही, मग आणखी काय हवे? 1 जानेवारी 2009 च्या पहाटे, भारतीय वेळेनुसार साडेपाचला, जगाच्या घड्याळात एक लीप सेकंद घातला गेला. लिनक्सच्या काही आवृत्त्यांत कर्नेलने वेळेचे कुलूप घेतले, तो सेकंद घातला आणि कुलूप हातात असतानाच ‘सेकंद घातला’ असा संदेश छापायला घेतला. छापणाऱ्या कोडने नोंदी लिहिणाऱ्या प्रक्रियेला उठवायला पाहिले, त्यासाठी कामांची पाळी लावणाऱ्या शेड्युलरने वेळ विचारली आणि वेळेचे कुलूप तर आपणच धरलेले. यंत्र अडकले. इथे घड्याळ वेळ सांगणारे होते, चिपच्या ठोक्यांचे नव्हते. पण चूक त्याच कुळातली. असा प्रसंग काही वर्षांतून एकदा आणि तोही एका सेकंदापुरता येतो. तो चाचणीत सापडेल या भरवशावर राहता येत नाही. 1997 च्या जुलैत मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक पुन्हा पुन्हा आपोआप रीसेट होत होता. कमी महत्त्वाच्या कामाने एक म्युटेक्स धरून ठेवला होता, मधल्या दर्जाची कामे त्याला पुढे सरकू देत नव्हती आणि सर्वांत महत्त्वाचे काम त्या म्युटेक्ससाठी खोळंबले होते. यावरचा उपाय लुई शा, राजकुमार आणि लेहॉत्स्की या संशोधकांनी 1990 मध्येच प्रसिद्ध केला होता. यानाच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये तो उपलब्धही होता, फक्त त्या म्युटेक्ससाठी सुरू केलेला नव्हता. उतरण्याआधी हा बिघाड अभियंत्यांना दिसला होता, मात्र मुद्दाम घडवून बघू गेल्यावर तो पुन्हा घडला नाही. वेळेच्या योगायोगावर बेतलेली चूक बोलावल्यावर येत नाही, म्हणून तिच्याविरुद्ध चाचणीचा पुरावा नेहमी अपुराच असतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: इतकी कुलपे हवीतच कशाला, एकच मोठे कुलूप ठेवा. छोट्या यंत्रात, जिथे एकच गाभा आहे आणि संथ ठोका एकही नाही, तिथे हा सल्ला योग्य आहे आणि मी तोच देईन. पण संथ आणि झटपट काम एका कुलपाखाली कोंडले की इंटरप्टला न संपणारी वाट बघावी लागते, आणि झोपण्याची मुभा नसलेल्याला ती बघताच येत नाही. तिसरा आक्षेप मुक्त सॉफ्टवेअरचे चाहते घेतात: लिनक्सवर हजारोंचे डोळे आहेत, आपण वेगळे काय तपासणार? त्या डोळ्यांबद्दल मला आदर आहे. तरीही वर सांगितलेला डेडलॉक त्यांच्यादेखत कित्येक वर्षे राहिला. शिवाय प्रत्येक नव्या चिपसाठी ठोक्यांचा ड्रायव्हर नव्याने लिहावा लागतो आणि तो हजारो नव्हे, चार-दोन माणसांनीच वाचलेला असतो. लिनक्सने स्वतः यावर 2006 मध्ये एक फार मोलाचे साधन आणले. इंगो मोल्नार यांचे ‘लॉकडेप’ कुलपे कोणत्या क्रमाने घेतली गेली याची नोंद ठेवते, आणि एका ठिकाणी ‘अ’नंतर ‘ब’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘ब’नंतर ‘अ’ दिसले की प्रत्यक्ष डेडलॉक होण्याआधीच बोंब मारते. मात्र जी वाट एकदाही चालली गेली नाही, तिच्याबद्दल ते काही सांगू शकत नाही. त्या वाटेचा हिशेब माणसानेच कागदावर करायचा.

हा विषय तज्ज्ञांवर सोडावा असे म्हणणाऱ्यांनी बालासोर आठवावे. 2 जून 2023 च्या तिथल्या रेल्वे अपघातात 290 हून अधिक माणसे गेली. इंटरलॉकिंग तिथे होते. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दोष निघाला तो सिग्नलच्या सर्किटमध्ये पूर्वी केलेल्या फेरफारांचा आणि तारांवरच्या चुकीच्या खुणांचा: कागद एक सांगत होता, तारा दुसरेच करत होत्या. सॉफ्टवेअरमध्ये तर तारही दिसत नाही. तिथे कुलपांच्या क्रमाचा कागदच नसेल, तर पाच वर्षांनी दुरुस्तीला बसलेला अभियंता कशाशी ताडून बघणार?

ही मागणी आताच करण्याला कारण आहे. आयआयटी मुंबईने 2019 मध्ये ‘अजित’ हा आपला प्रोसेसर पुढे आणला, सी-डॅक आणि आयआयटी मद्रास आपापले प्रोसेसर घडवत आहेत. याच जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीने 2019 मध्ये लष्कराच्या हवाली केलेल्या ‘धनुष’ तोफेवर नेमबाजीचे गणित तोफेवरचाच संगणक करतो. चिप आपली झाली की तिचे ठोके चालवणारा कोडही आपलाच आणि त्यातली चूकही आपलीच. कागदपत्रांनी काम रेंगाळते हे खरे; पण कुलपांचा क्रम लिहायला लागणारे दिवस, अडकलेल्या यंत्रामागे घालवाव्या लागणाऱ्या महिन्यांपुढे काहीच नाहीत. पश्चिम मध्य रेल्वेने आणि संरक्षण उत्पादनाच्या कंपन्यांनी पुढच्या निविदेत तीन अटी घालाव्यात: कोणते कुलूप कशाचे रक्षण करते आणि ती कोणत्या क्रमाने घ्यायची, याचा दस्तऐवज कोडबरोबर द्यावा, तो क्रम लॉकडेपसारख्या साधनाने तपासल्याचा अहवाल द्यावा, आणि कोडमधल्या प्रत्येक बदलाबरोबर दोन्ही नव्याने द्यावेत. जबलपूरच्या ट्रिपल आयटीडीएमने आणि महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी डेडलॉक केवळ व्याख्या म्हणून न शिकवता विद्यार्थ्यांकडून खऱ्या चिपवरचा एक तरी ठोक्यांचा ड्रायव्हर लिहून आणि तपासून घ्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. खरेदीचा अधिकार ज्यांच्या सहीत आहे, त्यांनी सही करण्याआधी तो कागद मागावा.